लाल मोज्याची शिकवणी

बिट्टी मैदानावरून आली ती थेट लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत शिरली आणि धुवायला आलेल्या चादरींच्या ढिगावर पालथी पडली. तिचे बाबा, म्हणजे लॉन्ड्रीवाले, हातातला शर्ट तसाच टाकून धावले. पोरगी चादरीत तोंड खुपसून काहीतरी सांगत होती, पण त्यातला एक शब्द बाहेर येईल तर शपथ. इस्त्रीच्या टेबलामागून आईने मानही वर केली नाही. ती म्हणाली, "आधी त्या ढिगावरून ऊठ. दवाखान्याच्या चादरी आहेत त्या."

बिट्टी ताडकन उठली आणि मग सगळं बाहेर पडलं. सॉफ्टबॉलच्या संघातून तिला काढणार होते. अजून काढलं नव्हतं, पण कोच मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं की येत्या रविवारचा अंतिम सामना ही शेवटची संधी. त्यात काही करून दाखवलं नाही, तर पुढच्या मोसमात तिच्या जागी दुसरी मुलगी. बिट्टीच्या हातात ताकद होती, पायात वेग होता, बॅटही ती झकास फिरवायची. फक्त चेंडू नसेल तिथे फिरवायची. मॅडमचं म्हणणं, हिला चेंडूची फिरकी वाचता येत नाही.

बाबांना हे काही पटलं नाही. चेंडू म्हणजे काय पेपर आहे का वाचायला, दिसला की हाणायचा, असं त्यांचं सरळ मत होतं. तेव्हा बिट्टीने डोळे पुसत त्यांना समजावून सांगितलं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणारी मुलगी आपला अख्खा हात चक्रासारखा फिरवते आणि मांडीजवळून, खालूनच, चेंडू सोडते. चेंडू पांढरा असतो, त्यावर लाल दोऱ्याची शिवण. हातातून सुटला की ती शिवण कुठे पळते ते बघायचं. खाली पळत असेल तर चेंडू शेवटी खाली बसणार, वर पळत असेल तर चढणार, आडवी पळत असेल तर बाजूला वळणार. आणि हे सगळं पापणी लवायच्या आत.

"पापणी लवायच्या आत मला समोरचं गिऱ्हाईकसुद्धा ओळखता येत नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, रविवारी समोर तोफ आहे."

हे ऐकल्यावर मात्र बाबांचा चेहरा पडला. तोफ ही पलीकडच्या क्लबाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. खरं नाव तिच्या घरच्यांनाच ठाऊक असेल, बाकी सगळं गाव तिला तोफच म्हणायचं. तिचा एक खास चेंडू होता. तो चढतो, अशी ख्याती. भल्याभल्या मुली त्याच्यापुढे बॅट फिरवून, जागच्या जागी गिरकी घेऊन, तोंड लपवत परत जायच्या. दोन मोसमांत त्या चेंडूला कुणाची बॅट लागली नव्हती.

त्यात आणखी एक गोम होती. तोफेच्या क्लबाचे कपडे याच लॉन्ड्रीत धुवायला यायचे. पांढरेशुभ्र शर्ट, पांढऱ्याशुभ्र पँटी. त्यांच्या व्यवस्थापक बाईंना शर्टाची घडी अशी लागायची की तिच्यावर बोट फिरवलं तर कापलं पाहिजे. आईने त्यांना नावच ठेवलं होतं, परीटघडीबाई. बाई चांगल्या होत्या, पण कपड्यावर टिपका दिसला की त्यांना घेरी यायची.

बाबांचा स्वभाव असा की एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ते स्वतः झोपत नाहीत आणि दुसऱ्याला झोपू देत नाहीत. जन्मात बॅट हातात धरली नव्हती, पण बिट्टीचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. जाळीमागून ते इतके ओरडायचे की अंपायरने दोनदा त्यांना लांब उभं केलं होतं. लेक संघाबाहेर जाते म्हणजे काय? त्यांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की फिरकी वाचायला आपण शिकवणार.

आईने इस्त्री उभी ठेवली. "तुम्ही?"

"मी. का?"

"काही नाही. सहज विचारलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉन्ड्रीच्या मागच्या गल्लीत शिकवणी सुरू झाली. चेंडूला लाल चिकटपट्टी गुंडाळली, बिट्टीला भिंतीशी उभं केलं आणि बाबांनी तोफेसारखा हात फिरवला. एकदा फिरवला, दोनदा फिरवला, अंगात वारं भरल्यासारखा तिसऱ्यांदाही फिरवला, आणि चेंडू कधी सोडायचा ते मात्र साफ विसरले. सोडला तेव्हा हात डोक्यावरून मागे गेला होता. चेंडू सुटला तो मागच्या मागे, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या कुंडीत जाऊन बसला. बिट्टी अजून समोर डोळे ताणून बघत होती. खिडकीतून आई म्हणाली, "हा चढता होता वाटतं."

चेंडू मिळाला नाही. बाबांचा खांदा मात्र असा धरला की डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला आणि मशीनला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मग काय, सगळं काम आईवर आणि बाबा स्टुलावर. बसल्या बसल्या ते समोरच्या लहान मशीनकडे बघत राहिले. पुढे गोल काचेचं दार, आत जुने टॉवेल फिरतायत. थोडा वेळ उजवीकडे, मग थांबतायत, मग डावीकडे. त्या टॉवेलांत कुणाचा तरी एक निळा रुमाल होता. तो वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई.

बाबा स्टुलावरून असे उडाले की गळ्यातला हात विसरून गेले आणि मग जोरात कळवळले. गोल काच म्हणजे चेंडू! पांढरे टॉवेल म्हणजे चेंडूचं कातडं! आणि लाल शिवण? ती तर बिट्टीच्या पायातच होती. तिच्या संघाचे मोजे लालभडक. बाबांनी तिच्या ट्रंकेतून अंतिम सामन्यासाठी जपून ठेवलेल्या नव्या कोऱ्या जोडीतला एक मोजा काढला, मशीन थांबवलं, मोजा टॉवेलांत टाकला, थंड पाणी सोडलं आणि लेकीला हाक मारली.

आता बघा, हा माणूस अगदीच येडा होता असं नाही. शिकवणी त्याने खरोखर रचून आणली होती. बिट्टीने मशीनसमोर बॅट घेऊन उभं राहायचं, डोळे मिटायचे. बाबांनी बांधलेल्या हातावर दुसरा हात आपटून टाळी वाजवली की डोळे उघडायचे आणि लगेच मिटायचे. तेवढ्यात लाल मोजा कुठे पळाला ते सांगायचं. पहिल्या दिवशी बिट्टी सगळंच चुकली. दुसऱ्या दिवशी अर्धं बरोबर आलं, पण ते अंदाजाने, असं तिनेच कबूल केलं. तिसऱ्या दिवशी काहीतरी घडलं. टाळी वाजली, डोळे उघडले, मिटले, आणि बिट्टी म्हणाली, "डावी." टाळी. "डावी." टाळी. "आता थांबतंय." टाळी. "उजवी. पण हळू."

बाबांच्या अंगावर काटा आला. त्यांनी काऊंटरवरच्या गिऱ्हाइकाला हाताला धरून आत आणलं आणि पोरगी काय करते ते दाखवलं. गिऱ्हाईक बिचारं पँट न्यायला आलं होतं, ते तोंडाचा आ करून उभं राहिलं. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला हा खेळ दाखवल्याशिवाय कपडे मिळेनात. बिट्टीच्याही अंगात उत्साह संचारला. जेवताना ती डोळे मिटून उघडायची आणि पंखा उजवा की डावा ते सांगायची. लहान मशीन, मोठं मशीन, रस्त्यावरच्या सायकलीचं चाक, तिला आता सगळ्या जगाची फिरकी दिसायला लागली होती. आई फक्त एवढंच म्हणाली की हिला लग्नात फेऱ्यांना उभी केली तर ही नवऱ्याकडे बघायच्या ऐवजी फिरकी वाचेल.

शुक्रवारी लहान मशीनच्या दाराची कडी तुटली आणि शिकवणी अडली. सामना दोन दिवसांवर. मोठं मशीन मोकळं नव्हतं, त्यात परीटघडीबाईंच्या संघाचे सगळे पांढरे कपडे भरलेले होते, बटण दाबायचं तेवढं बाकी. आई बँकेत गेली होती. बाबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मोठ्या मशीनची काच परातीएवढी. पांढरे कपडे कसे चकचकीत. असा सुरेख चेंडू पुन्हा मिळणार नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लॉन्ड्रीच्या भिंतीवर बाबांनी स्वतःच्या हाताने एक पाटी रंगवली होती, 'रंगीत कपडे वेगळे द्यावेत'. आजवर त्यांनी किती गिऱ्हाइकांना त्या पाटीखाली उभं करून झापलं असेल त्याला गणती नाही. पण त्यांनी असा विचार केला की हा मोजा आठवडाभर पाण्यात फिरतोय, टॉवेलांना काही झालं नाही, म्हणजे त्याचा रंग पक्का. विचार बरोबरच होता. फक्त आठवडाभर पाणी थंड होतं, आणि पांढऱ्या कपड्यांना मोठं मशीन आपोआप उकळतं पाणी घेतं, हे तेवढं त्या उत्साहात राहून गेलं.

शिकवणी मात्र अशी रंगली की विचारू नका. बिट्टीने एकही चूक केली नाही. शेवटी शेवटी ती काचेकडे पाठ करून उभी राहायची, टाळी वाजली की गर्रकन वळायची, एक क्षण बघायची आणि सांगायची. बाबा टाळ्या वाजवून थकले. मग बिट्टी म्हणाली, "बाबा, मोजा दिसेनासा झालाय."

"दिसत नाही म्हणजे? गेला कुठे?"

"आहे तिथेच. पण बाकीचेही तसेच दिसतायत."

बाबांनी काचेला नाक लावलं. आत गुलाबी पहाट उगवली होती.

त्यांनी झटकन बटण बंद केलं. मशीन उघडलं, तर सगळे शर्ट, सगळ्या पँटी फिक्कट गुलाबी. बिट्टीला त्यांनी सरावाला पिटाळलं आणि दार लावून घेतलं. एका हाताने, दुसरा गळ्यात, त्यांनी बादलीत डाग घालवायचं पांढरं पाणी ओतलं आणि पहिला शर्ट बुडवला. रंग गेला, पण जिथे वाटेल तिथेच गेला. शर्टावर गुलाबी आभाळात पांढरे ढग उठले. उलटून बघतात तर पाठीवर तोफेचा आकडा. आता सगळे गुलाबी आणि तोफ एकटी ढगाळ, हे कसं चालणार? मग त्यांनी असा हिशेब केला की पांढरे होत नाहीत ना, मग निदान सगळे एकसारखे तरी होऊ देत. कपडे पुन्हा मशीनमध्ये, मोजा पुन्हा मशीनमध्ये, पाणी आणखी गरम. मोज्याने आपल्याजवळचं होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं. आई परत आली तेव्हा दोरीवर गुलाबाची बाग फुलली होती आणि तिच्या एका टोकाला एक फटफटीत पांढरा मोजा लटकत होता.

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली.

"एकसारखे झालेत," बाबा हळूच म्हणाले.

"हो. ते छान जमलंय," आई म्हणाली, आणि इस्त्री गरम करायला ठेवली. कारण गुलाबी असले तरी घडी कडक हवीच होती.

शनिवारी परीटघडीबाईंचा फोन आला. आईचं म्हणणं होतं की खरं काय ते आत्ताच सांगून टाका. बाबांनी फोन कानाला लावला, घसा साफ केला, आणि उद्या मैदानावर जातीने आणून देतो, असं सांगून ठेवून दिला. बाई खूश झाल्या. एवढी सेवा हल्ली कोण देतं, असं म्हणाल्या. बाबांचा त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी मैदान भरलं होतं. बाबांनी कागदात बांधलेलं गाठोडं कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी ठेवलं आणि गर्दीत मिसळले. आतून आधी कागद फाडल्याचा आवाज आला. मग एकदम सगळ्या मुली बोलायला लागल्या. मग दार उघडलं आणि परीटघडीबाई बाहेर आल्या, हातात गुलाबी शर्ट, चेहरा त्याहून गुलाबी. दुसरे कपडे नव्हतेच, तेव्हा त्यांचा संघ तेच घालून मैदानात उतरला. लोकांना वाटलं नवा पोशाख आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने बाई आणखी भडकल्या.

त्यांनी आपली नजर मैदानभर फिरवली. ती दुसऱ्या संघाच्या रांगेवरून सरकत सरकत बिट्टीच्या पायांवर येऊन थांबली. बिट्टीचा एक मोजा लालभडक होता आणि दुसरा पांढराफटक. बाईंनी हातातला शर्ट बघितला, मोजा बघितला, आणि सगळा उलगडा झाला. त्या तडक अंपायरकडे गेल्या. हा सरळसरळ घातपात आहे, त्या म्हणाल्या. लॉन्ड्रीवाल्याची मुलगी समोरच्या संघात खेळते, माझ्या मुलींचं मन खचवायला त्याने हे मुद्दाम केलंय, तेव्हा त्या मुलीला आजच्या आज संघाबाहेर काढा.

बिट्टीचा चेहरा पांढराफटक पडला. कोच मॅडमनी गर्दीतून बाबांना शोधून काढलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"नाही हो मॅडम! देवाशपथ नाही," बाबा म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. गोल काच, पांढरे कपडे, लाल मोजा, टाळी, डावी, उजवी. सांगता सांगता रंगात आले, गळ्यातला हात सोडून मशीन कसं फिरतं ते दाखवायला लागले. गुलाबी संघातल्या मुली तोंडावर हात दाबून हसत होत्या. अंपायर दुसरीकडे बघत होता. एकट्या कोच मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, मशीन घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं," त्या म्हणाल्या. "चेंडू तसा फिरत नाही. चाकासारखा फिरतो, अंगावर येणाऱ्या नाहीतर लांब जाणाऱ्या. नाहीतर भोवऱ्यासारखा. तुम्ही आठवडाभर तिला जी फिरकी शिकवलीत ना, ती कुणी टाकतच नाही."

बाबांचा गळून गेलेला हात तसाच लोंबत राहिला. खांदा दुखत होता, पण ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. आठवडाभर पोरीचा सराव वाया घालवला, लोकांचे कपडे घालवले, आणि तिची जागाही घालवली. त्यांनी बिट्टीकडे बघितलं, तर ती खाली मान घालून बुटाच्या नाड्या बांधत होती. बांधलेल्याच पुन्हा बांधत होती.

परीटघडीबाईंचा राग मात्र चमत्कार झाल्यासारखा उतरला. त्यांनी लॉन्ड्रीवाल्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि अंपायरला म्हणाल्या, "तक्रार मागे घेते. एवढा वेडेपणा मुद्दाम करणं शक्य नाही."

सामना सुरू झाला, आणि तोफ गुलाबी असली तरी तोफच होती. हात गर्रकन फिरायचा, चेंडू सूं करत यायचा, मागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात फाडकन आवाज व्हायचा. चेंडू चढणार म्हणून प्रत्येक मुलगी बॅट उंच फिरवायची आणि गिरकी घेऊन परत यायची. बिट्टीच्या संघाची पिचरही काही कमी नव्हती, तिनेही समोरच्यांना फार हलू दिलं नाही. शेवटच्या डावापर्यंत त्यांचा एक गुण, यांचा शून्य. शेवटच्या डावात मग एक मुलगी अंगाला चेंडू लागला म्हणून फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावायच्या पहिल्या टप्प्यावर, गेली, पुढच्या दोघीजणी बाद झाल्या, आणि पाळी आली बिट्टीची. तिसरी म्हणून ही बाद झाली की डाव संपला, सामना संपला, आणि बिट्टीही संपली.

बाबा जाळीमागे उभे होते. आज पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. शेजारी आई होती, तिने त्यांचा चांगला हात धरला होता.

पहिला चेंडू आला. बिट्टीने बॅट हलवलीच नाही. अंपायरने स्ट्राइक दिला, म्हणजे चेंडू वाया गेला; असे तीन झाले की बाद. गर्दीतून आवाज आला की अगं निदान फिरव तरी. दुसरा चेंडू आला. बिट्टी पुन्हा खांबासारखी उभी, फक्त मान चेंडूबरोबर वळली. दुसरा स्ट्राइक. आता एकच उरला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"अहो, उघडा डोळे. ती तुम्हाला काहीतरी सांगतेय," आई म्हणाली.

बिट्टी रेघेबाहेर आली होती. जाळीकडे बघत होती, आणि एक बोट हवेत गोल गोल फिरवत होती, डावीकडे. बाबांना वाटलं पोरगी आपल्याला वेड्यात काढतेय. आपण त्याच लायकीचे आहोत, असंही त्यांच्या मनात आलं. पण बिट्टी हसत होती. ती कोच मॅडमजवळ गेली आणि त्यांच्या कानाशी न जाता, सगळ्यांना ऐकू येईल अशी म्हणाली, "मॅडम, तो चढत नाही."

"काय?"

"तिचा चेंडू. चढत नाही. मधे सगळं पांढरं, आणि कडेने लाल रेघ गोल फिरते. मशीनसारखी. डावी." तिला धाप लागली होती. "तो सरळच येतो मॅडम. आपण सगळ्या उगाच वर मारतोय."

मॅडमनी मान वळवली. त्या तोफेच्या मनगटाकडे बघत राहिल्या. तोफ चेंडू सोडताना मनगट दाराची मूठ फिरवावी तसं फिरवायची, हे त्यांनी शंभर वेळा बघितलं होतं. पण तो चढतो, असं आधीच माहीत असल्यामुळे त्याच्याकडे नीट बघावं असं आजवर कुणालाच वाटलं नव्हतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "जा. सरळ मार."

तोफेचा हात फिरला. बाबांनी डोळे उघडे ठेवले होते, पण त्यांना नुसती एक पांढरी रेघ दिसली. बिट्टीला काय दिसलं ते तिचं तिला ठाऊक. तिने बॅट पोटाच्या रेषेत सरळ आडवी फिरवली आणि असा काही ठणका उठला की झाडावरचे कावळे उडाले. चेंडू तोफेच्या डोक्यावरून गेला, मधल्या मुलीच्या डोक्यावरून गेला, लांबच्या कुंपणावरून गेला आणि रस्त्यापलीकडच्या गवतात दिसेनासा झाला. पहिल्या बेसवरची मुलगी धावत आली, तिच्यामागून बिट्टी, एक पाय लाल, एक पाय पांढरा, सगळे बेस फिरून पुन्हा सुरुवातीच्या जागी, दोघींचे दोन गुण. सामना खिशात!

बाबांनी दोन्ही हात वर केले. मग खांदा आठवला आणि ते असे किंचाळले की लोकांना वाटलं हा आनंद. तो आनंदच होता. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते पुसलंही नाही. मैदानात कोच मॅडम बिट्टीच्या पाठीवर इतक्या जोरात थोपटत होत्या की तिला खोकला आला. पुढच्या मोसमात चौथ्या क्रमांकावर, म्हणजे सगळ्यात दमदार फटकेवालीच्या जागेवर, तूच, असं त्या तिथल्या तिथे बोलून गेल्या.

सोमवारी सकाळी लॉन्ड्रीचं दार उघडतं न उघडतं तोच परीटघडीबाई हजर. बरोबर गुलाबी कपड्यांचं गाठोडं, आणि मागे उंचच उंच तोफ. बाबा काऊंटरमागे सरकले. कपडे पुन्हा पांढरे करून देतो, पैसे घेणार नाही, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. बाई म्हणाल्या की नुसते धुवून द्या. मुलींना हाच रंग हवाय, त्या ऐकायला तयार नाहीत. आणि हे कुणाला बोलू नका, पण घडीही यावर जास्त उठून दिसते.

मग तोफ पुढे आली. तिच्या हातात चेंडू होता आणि मान खाली होती. तिला बिट्टी हवी होती. "माझा चेंडू चढत नाही, हे मला इतक्या दिवसांत कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "मी टाकते, तू बघून सांग. चढेपर्यंत."

बिट्टी ट्रंकेतून हातमोजा काढून केव्हाच गल्लीत पोचली होती. जाता जाता तिने बाबांना सांगितलं की मॅडमनी तिलाही आता नवा धडा दिलाय. मशीनची फिरकी झाली, आता खाली बसणारा चेंडू वाचायला शिकायचं, तो जो चाकासारखा अंगावर येतो.

"चाकासारखा, अंगावर," बाबा पुटपुटले. त्यांची नजर दुकानभर फिरायला लागली. लहान मशीनवरून मोठ्या मशीनवर गेली, तिथून पंख्यावर, आणि शेवटी कोपऱ्यातल्या चादरी दाबायच्या मोठ्या रोलरवर जाऊन थांबली. रोलर संथपणे, अगदी चाकासारखा, समोरच्या माणसाच्या अंगावर फिरत होता. दवाखान्याच्या पांढऱ्याशुभ्र चादरी त्यातून बाहेर येत होत्या. बाबांचे डोळे चमकले.

आईने ते डोळे बघितले. ती उठली, रोलर बंद केला, आणि बिट्टीच्या जोडीतला उरलेला लाल मोजा दोरीवरून काढून स्वतःच्या खिशात टाकला.